न लवणारी पापणी

सरांनी सत्तावीस आलेख टेबलावर पत्त्यांचा डाव मांडावा तसे मांडले, त्यातला तेविसावा उचलून मधोमध ठेवला आणि हाताची घडी घालून ते खुर्चीत मागे रेलले.

"बोला बाई," ते म्हणाले. "आता काय खोट काढताय?"

तिला बाई म्हणायची त्यांची सवय बावीस वर्षांची. पहिल्याच वर्षी तिने फळ्यावरची त्यांची वजाबाकी दुरुस्त केली होती, शाळेतल्या बाईंसारखे ओठ घट्ट मिटून. तेव्हापासून ती बाईच. आता तिच्या केसांत पांढरं डोकावू लागलं होतं, हाताखाली चार विद्यार्थी होते. सर निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, तरी संस्थेने जिन्याखालची ही खोली त्यांच्याकडे राहू दिली होती. खोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि एक कॉम्प्युटर, जो सुरू व्हायला सरांच्या भाषेत 'एक झोप' लागत असे.

तिने खुर्ची पुढे ओढली.

सगळे आलेख एकाच कृष्णविवराचे होते. सरांचं त्याच्याबद्दलचं म्हणणं तीस वर्षांत बदललं नव्हतं. शेजारच्या ताऱ्यातून ओढला गेलेला वायू विवरात सरळ पडत नाही. मोरीच्या भोकाभोवती पाणी फिरतं तसा तो तबकडी होऊन फिरत फिरत आत सरकतो, तापतो, आणि गडप होण्याआधी क्ष-किरण फेकतो. हे किरण स्थिर नसतात, सतत लुकलुकतात. बहुतेक लोक म्हणत, विवराच्या अगदी काठाशी ठिणग्या उडतात म्हणून. सर म्हणत, नाही, मूळ दूर आहे. तबकडीच्या बाहेरच्या कडेला वायूचा ओघ हळूच कमीजास्त होतो, ती हालचाल आत आत येते, आणि वाटेतलं प्रत्येक कडं तिच्यावर आपली एक घाईची थरथर चढवतं.

"गल्लीतली बातमी," ते नव्या विद्यार्थ्यांना सांगत. "पहिल्या घरात कुणी नुसतं शिंकलं, तर प्रत्येक घर तिखटमीठ लावून ते पुढे धाडतं. शेवटच्या घरी पोचेपर्यंत माणूस मेलेला असतो."

बातमी खरंच बाहेरून आत येत असेल, तर बाहेरच्या थंड भागातले किरण आधी हलायला हवेत आणि आतले तापलेले मागून. पहिल्यांना सर मवाळ म्हणत, दुसऱ्यांना जहाल. 'आधी मवाळ, मग जहाल' हे त्यांनी कित्येक पिढ्यांकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं. सव्वीस आलेखांत ही चाल दिसत होती, पण धुक्यातून येणाऱ्या माणसासारखी. आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर झाड. तेविसाव्यात मात्र ती भर उन्हात उभी होती. सरांच्या गणिताची लाल रेघ मोजलेल्या ठिपक्यांवरून अशी गेली होती, की शिंप्याने अंगावर ठेवूनच शिवली असावी.

"हा एकच पुरेसा आहे," सर म्हणाले. "बाकीचे वऱ्हाडी. नवरदेव हा."

तिची नजर डावीकडून उजवीकडे सरकत गेली. ही सवयही त्यांनीच लावलेली. उजव्या टोकाला, जिथे ताऱ्याचं बोलणं संपतं आणि नुसती मोजणीची खरखर उरते, तिथे ठिपके दोनच्या आकड्यावर सपाट पसरले होते. बरोबर दोनवर.

उपग्रहावरचं यंत्र एक कण मोजलं की निमिषभर आंधळं होतं. पापणी लवते, असं सरांच्या गटात म्हणत. तेवढ्यात आलेला कण निसटतो, आणि म्हणून खऱ्या निरीक्षणात ही खरखर दोनच्या केसभर खाली बसते. बाकीच्या सव्वीस आलेखांत ती तशी बसली होती. तेविसाव्यातलं यंत्र पापणी न लववता मोजत राहिलं होतं.

असं यंत्र जगात नाही. ते तिने केलं होतं.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"काही नाही. छान आहे."

"छान? बाईंच्या तोंडून छान?" त्यांनी खिशातून छोटी वही काढली. "थांब, तारीख घालून लिहून ठेवतो."

आणि खरंच लिहिलं. डोकं दगा देतं, वही देत नाही, हे त्यांचं जुनं वाक्य. पूर्वी ते विद्यार्थ्यांसाठी असे.

"सोमवारी लेख धाडतो. तू हो म्हटल्याशिवाय नाही अर्थात. त्र्याहत्तर सरेल आता. हे छापून आलं की मी सुटलो, मग खुशाल झाडांना पाणी घालत बसेन."

"काकू घालू देतील?"

"नाही देत ना. परवा म्हणे मी निवडुंगाला बादलीभर घातलं. दोनदा." ते हसले. "निवडुंगाने तक्रार केली नाही, ही करते."

तीही हसली. आलेख गोळा करताना तेविसावा तिने सगळ्यात खाली ठेवला.

*

दुधात मिठाचा खडा पडला की दूध नासतं. सरांच्या गटात तो मुद्दाम टाकायची रीत होती.

कुणी तरी गुपचूप कॉम्प्युटरवर एक खोटं निरीक्षण तयार करायचं आणि दुसऱ्याच्या खऱ्या निरीक्षणांत सरकवून द्यायचं. नियम तीन. खड्यात एक खूण ठेवायची, बारीक, पण डोळे उघडे असलेल्याला सापडेल अशी. खडा टाकल्याची नोंद आपल्या वहीत करायची. आणि सापडला नाही, तर लेख बाहेर जाण्याआधी सांगायचं. सापडला तर टाकणाऱ्याने सगळ्यांना चहा करून पाजायचा. नाही सापडला तर फसलेल्याने.

"आपल्याच गणिताच्या प्रेमात पडायला वेळ लागत नाही," सर म्हणत. "मग हवं तेच दिसायला लागतं. खडा दाताखाली आला की माणूस जागा होतो."

नऊ वर्षांपूर्वी, आठव्या महिन्यात, पोट टेबलाला लागत होतं म्हणून तिरकी बसून तिने सरांसाठी हा खडा केला होता. त्यांच्याच गणितातून लुकलुक काढली, तिच्यावर खरखर चढवली, मध्ये मध्ये उपग्रह पृथ्वीआड जातो तशी भगदाडं पाडली. सगळं केलं, पापणी तेवढी लवू दिली नाही. ती खूण. रजेवरून फोन करून सांगायचं ठरवलं होतं, पण मुलगी तीन आठवडे आधीच आली. पुढचे आठ महिने दिवस-रात्र एकच होऊन गेले. ती परतली तेव्हा सरांच्या निरोप समारंभाची तयारी चालली होती. गट पांगला, रीतही गेली. सांगायचं राहिलं ते राहिलंच.

जेवायच्या सुट्टीत तिने उपग्रहाच्या संग्रहात पाहिलं. त्या कृष्णविवराची निरीक्षणं सव्वीसच होती. तेविसावं काढून तिने सरांचं गणित पुन्हा चालवलं. लेखात जिथे जिथे 'सिद्ध होते' होतं, तिथे तिथे आता 'असू शकेल' लिहावं लागणार होतं. तीस वर्षांचं 'असू शकेल'.

संध्याकाळी भांडी विसळता विसळता तिने नवऱ्याला सांगितलं.

"तूच टाकलास, तूच काढ," तो म्हणाला. "आता दुधातला खडा काढतात कसा, ते मला विचारू नकोस."

मुलगी, म्हणजे चिंगी, टेबलाशी गृहपाठ करत होती. मान वर न करता तिने विचारलं, "आजोबा रागावतील?"

"रागावले तर बरं," ती म्हणाली.

*

शनिवारी चार वाजता ती सरांच्या घरी गेली. दार काकूंनी उघडलं.

"ये ग. हे खाली बागेत गेलेत शेजारच्या वकिलांबरोबर. येतील अर्ध्या तासात."

"वकीलकाका अजून रोज जातात?"

"रोज. न्यायला येतात, सोडायला येतात," काकू म्हणाल्या आणि वळून आत गेल्या. "बस त्यांच्या खोलीत. मी जरा दोरीवरचे कपडे काढून येते."

सरांच्या खोलीत एका भिंतीला वह्यांचं कपाट होतं, वर्षांनुसार लावलेलं. उभ्याउभ्या तिचा हात त्या वर्षाच्या वहीवर गेला. तिची स्वतःची त्या वर्षीची वही गहाळ झाली होती, आणि सर आलेल्या प्रत्येक फाइलीची नोंद ठेवत; खडा कोणत्या दिवशी फाइलींत शिरला एवढं तिला बघायचं होतं. सरांना सांगताना तारीख हाताशी असावी, 'तेव्हा कधीतरी' म्हटलं की त्यांना राग येतो.

आपली रजा सुरू झाली तो महिना तिने काढला. पानं उलटली. रजेच्या अकराव्या दिवसापाशी थांबली.

अक्षर सरांचं, तेव्हाचं, तारेवर बसलेल्या पाखरांसारखं सरळ.

'क्र. २३. पापणी लवत नाही. खडा! बाईंचाच, इतकं सुबक दुसरं कोण करणार. चहा त्यांच्याकडे लागू. बाळंतपणातून उठून आली की वसुली. तोवर फाइल आहे तिथेच ठेवावी.'

'वसुली'खाली दोन रेघा होत्या.

तिला आधी सुटल्यासारखं झालं. सांगायचं राहिलं होतं, पण त्यांना कळलेलं होतं. तिच्या चुकीने काही नासलं नव्हतं. त्या दोन रेघांकडे पाहून हसूही आलं. मग ती हळूच खुर्चीवर बसली.

नऊ वर्षांत माणूस काहीही विसरतो. तीही विसरली होती. पण पापणी? ती बघायला त्यांनीच तिला शिकवलं होतं, पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवून. परवा सत्तावीस आलेख ओळीने मांडून, मधोमध तोच ठेवून, ते दहा मिनिटं त्याच्याकडे बघत होते.

काकू दारात उभ्या होत्या. हातावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग.

"कुठली वही?" त्यांनी विचारलं.

तिने पान दाखवलं, काय ते सांगितलं. थोडक्यात, साध्या शब्दांत. काकूंनी इतक्या वर्षांत एवढं ऐकलं होतं की फार समजवावं लागलं नाही. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि सरांचा एक सदरा मांडीवर घेऊन त्याची घडी घालू लागल्या.

"दोन वर्षं होतील," त्या म्हणाल्या. "सुरुवात आहे म्हणाले डॉक्टर. गोळ्या चालू आहेत. ह्यांना वाटतं रक्तदाबाच्या."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर तू त्यांच्याशी हळू बोलायला लागली असतीस. ते त्यांना लगेच कळलं असतं." घडी झाली, ती त्यांनी पुन्हा उलगडली. "एक करशील? वही ठेव जागेवर. तुझी चूक म्हण. तू टाकलास, सांगायला विसरलीस, ते फसले. फसलेलं चालेल ग त्यांना. चिडतील, शिव्या घालतील, जेवतील."

लेख तर थांबणार होता, कसाही. प्रश्न फक्त कुणाच्या नावावर थांबायचा, हा होता. आणि तिचं नाव धडधाकट होतं, ते हे ओझं सहज उचलू शकत होतं. तिने वही मिटली आणि कपाटात सरकवली.

जिन्यावर वकिलांचा आवाज आला.

*

सरांनी ऐकून घेतलं. चपला अजून पायातच होत्या.

"खडा?" ते म्हणाले. "तेवीस?"

"हो सर. माझा. रजेवर गेले आणि सांगायचं राहून गेलं."

"नऊ वर्षं?"

"नऊ वर्षं."

त्यांचा चेहरा उतरला. मग ते चिडले. काकू म्हणाल्या होत्या तसेच चिडले, आणि तिला ते ऐकताना बरं वाटत होतं.

"नियम कुणासाठी केले होते? उद्या हे छापून आलं असतं आणि कुणी पोरासोराने येऊन सांगितलं असतं, आजोबा, तुमचा नवरदेव मातीचा आहे, तर? बाई म्हणवता स्वतःला!"

"मी नाही म्हणवत. तुम्ही म्हणता."

"उलट बोलू नकोस." ते खोलीत दोन येरझाऱ्या घालून थांबले. "खूण काय ठेवली होतीस?"

ती क्षणभर अडखळली. "पापणी."

"पापणी," ते म्हणाले. हळू. मग एकदम कपाटाकडे वळले. "महिना कुठला? बघू तरी, तेव्हा मी काय दिवे लावले होते."

"अहो, राहू द्या ना," काकू म्हणाल्या. "आत्ताच आलात, पाणी तरी प्या."

पण त्यांचा हात वह्यांवरून फिरत होता. फिरता फिरता थांबला.

"ह्या वहीला कुणी हात लावलाय," ते म्हणाले. "मी पाठ आत करून ठेवत नाही."

सरांनी वही खिडकीपाशी नेली. पानं उलटायला त्यांना वेळ लागला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"हात्तिच्या!" ते ओरडले. "पकडलाय की! अकरा दिवसांत पकडलाय!" त्यांनी वही तिच्यापुढे नाचवली. डोळे लकाकत होते, चाळिशीतल्या माणसासारखे. "वाच. 'चहा त्यांच्याकडे लागू.' आणि इथे मला ऐकवतेस, फसलात म्हणून!"

आणि मग, हात तसाच वर असताना, ते थांबले.

तिने त्यांना अवघड समीकरणापुढे असं थांबलेलं अनेकदा पाहिलं होतं. खालचा ओठ किंचित पुढे, नजर कशावरच नाही. त्यांनी वही पुन्हा स्वतःकडे वळवली. वाचली. तारीख पाहिली. मग टेबलावर पडलेल्या परवाच्या आलेखांतला तेविसावा शोधून काढला आणि त्याच्या उजव्या टोकावर पेन्सिल टेकवली. बराच वेळ टेकवून ठेवली.

"हे तू आधीच वाचलं होतंस," ते तिला म्हणाले. "मी यायच्या आधी."

"हो."

"आणि तरी म्हणालीस, तुझी चूक."

"मीच सांगितलं तिला तसं," काकू म्हणाल्या.

"ते कळलं." ते खुर्चीत बसले. चपला काढल्या, एकीशेजारी एक नीट ठेवल्या. "ती पिवळी गोळी रक्तदाबाची नाही, हेही मला कळतं. डबीवर लिहिलेलं असतं. वाचता येतं मला अजून."

काकूंच्या मांडीवरचा सदरा खाली घसरला. त्यांनी तो उचलला नाही. सरांनीच वाकून उचलला आणि त्यांच्या हातात दिला.

"आता रडारड नको. वसुली बाकी आहे. बाई, चहा करा. दूध कमी, साखर तिच्या नकळत."

तिने परक्या स्वयंपाकघरात चहा केला. बावीस वर्षांत इथे तिला कुणी काही करू दिलं नव्हतं. साखरेचा डबा शोधायला तिसरं कपाट उघडावं लागलं. आतून दोघांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. एकदा काकूंचं नाक ओढणं ऐकू आलं, आणि एकदा, काय आश्चर्य, त्यांचंच हसू.

कप घेऊन ती आली तेव्हा सरांनी लेखाच्या कच्च्या प्रतीतला पहिला 'सिद्ध होते' खोडला होता.

"सव्वीसवर जाऊ," ते म्हणाले. "असू शकेल तर असू शकेल. पोरं येतील, पुढे बघतील. आता ऐक. दर महिन्याला माझ्या फाइलींत एक खडा टाकायचा."

"सर..."

"यंत्र आहे म्हटल्यावर तपासत राहायला नको? माझी पापणी किती वेळ मिटते ते मला कळलं पाहिजे. ज्या महिन्यात सापडणार नाही, त्या महिन्यात सांगायचं. सलग तीन महिने नाही सापडला, तर लिहिणं बंद. निवडुंग तर आहेच." त्यांनी फुर्रकन चहा ओढला. "आणि खूण नेहमीएवढीच. दया दाखवायची नाही."

"बरं."

"आणि मीही टाकणार. तुझ्यात. एकतर्फी परीक्षा मी कधी दिलेली नाही."

*

महिन्याच्या पहिल्या तारखेला दुपारी, विद्यार्थी जेवायला गेल्यावर, तिने दार लोटून घेतलं आणि खडा करायला बसली. लुकलुक चढत उतरत पडद्यावरून गेली. भगदाडं पाडली, खरखर घातली, पापणी लवू दिली, यंत्राला जेवढी हवी तेवढीच. मग खुणेची पाळी आली, आणि तिथे तिचा हात रेंगाळला.

पहिल्यांदा खूण इतकी ढोबळ झाली की चिंगीलाही दिसली असती. ती तिने पुसली. दुसऱ्यांदा थोडी बारीक केली, तीही पुसली. शेवटी नऊ वर्षांपूर्वीची फाइल उघडून तिथली खूण किती होती ते मोजलं, आणि वेगळ्या जागी, पण तेवढीच, ठेवली. फाइल सरांच्या दुसऱ्या एका ताऱ्याच्या निरीक्षणांत सरकवून दिली. वहीत नोंद केली.

वीस तारखेला सरांकडून सव्वीस निरीक्षणांचे तक्ते आले, लेखाच्या शेवटी जोडायचे. 'एकदा नजर टाक, मग धाडू,' एवढंच सोबत. तिने नजर टाकली. आठपर्यंत सगळं ठीक होतं. नवव्यात जहाल किरण आधी हलत होते आणि मवाळ मागून. त्या एका तक्त्यात वायू विवरात पडत नव्हता, विवरातून बाहेर येत होता.

दोन रकान्यांची अदलाबदल झाली होती. बस, एवढंच.

खडा असेल. एक खूण, दिसेल अशी, नियमाबरहुकूम. सरांचे पूर्वीचे खडे मात्र असे नसत. त्यांचा खडा शोधायला तिला एकदा सात आठवडे लागले होते. रकाने तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून उलटे होतात. किंवा घाईत कुणाकडूनही. किंवा तिला सोपं जावं म्हणून मुद्दाम केले असतील. दया दाखवायची नाही ही अट तिच्यापुरती होती, त्यांनी स्वतःला कुठे घातली होती?

त्यांच्या वहीत नोंद असेल, खडा असेल तर. काकूंना हळूच बघायला सांगता आलं असतं. तिने फोन उचलला आणि सरांनाच लावला.

"सर, सापडला."

पलीकडे नळाचा आवाज येत होता.

"नऊ नंबर," ती म्हणाली. "रकाने उलटे."

पापणी लवायला लागतो, त्याहून थोडा जास्त वेळ गेला. मागे कुठेतरी काकू नळ बंद करत असाव्यात.

"अरे वा," सर म्हणाले. "मग चहा माझ्याकडे लागू."

"हो सर."

"तुझा मला अजून मिळालेला नाही. सांगू नकोस."

"नाही सांगत."

"महिना कुठे संपलाय."

"नाही, दहा दिवस आहेत अजून."

"चिंगीला घेऊन ये," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

तिने तक्त्यातले रकाने जागच्या जागी लावले. वहीत तारीख घातली, पुढे नऊचा आकडा लिहिला, त्यापुढे 'सापडला'. काय सापडलं, ते लिहिलं नाही.